सल्ला : रात्रपाळी, पार्किंग गॅरेज आणि पर्समधले रिव्हॉल्व्हर

पत्राचा सारांश : एक्केचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनी ह्यूस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करतात. पती-पत्नी दोघांनाही दोन वर्षांपूर्वी ग्रीनकार्ड मिळाले आहे. घरात तेरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सध्या सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या सासूबाई आहेत. मध्यंतरी एक अनोळखी माणूस दोन वेळा रुग्णालयाच्या पार्किंग गॅरेजमध्ये त्यांच्या मागोमाग गाडीपर्यंत आला. तो काही बोलला नाही, परंतु तेव्हापासून दिवसाही त्यांना धड झोप लागत नाही. टेक्सासमध्ये परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते, हे समजल्यावर त्या दुकानात जाऊन आल्या. तेथील विक्रेत्याने पाच गोळ्यांचे, वजनाला हलके, पर्समध्ये मावणारे रिव्हॉल्व्हर सुचवले, कारण ‘बाईमाणसाच्या हाताला हेच सोपे.’ एका सहकाऱ्याच्या मते नऊ मिलिमीटर जाडीच्या गोळीचे पिस्तूल घ्यावे. पतीला घरात शस्त्रच नको आहे. ‘रोज जवळ बाळगण्यासाठी या दोहोंपैकी कोणते घ्यावे, एवढेच सांगा,’ असे त्यांनी लिहिले आहे.

उत्तर :

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, आणि ते टाळाटाळीचे नसेल. मात्र तुमचे पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती आधी मांडतो. तुम्हाला भीती वाटते ती रुग्णालयाच्या दारापासून तुमच्या गाडीपर्यंतच्या वाटेची, म्हणजे गॅरेजमधल्या चार-पाच मिनिटांची. आता असे समजा की तुम्ही हँडगन घेतली. टेक्सासच्या दंडसंहितेनुसार रुग्णालयाच्या लेखी परवानगीवाचून तेथे हँडगन नेण्यास मनाई आहे, आणि नोकरीच्या नियमांतही बहुधा तीच अट असेल. त्यामुळे कामावर पोहोचल्यावर ती तुम्हाला गाडीत कुलूपबंद ठेवूनच आत जावे लागेल. मालकाच्या पार्किंगमध्ये कर्मचाऱ्याने कायदेशीर शस्त्र स्वतःच्या बंद गाडीत ठेवण्यास टेक्सासने २०११ पासून मुभा दिली आहे, हे खरे. परंतु याचा अर्थ असा की संध्याकाळी गाडीतून दारापर्यंत जाताना आणि सकाळी दारातून गाडीपर्यंत येताना, दोन्ही वेळा, तुम्ही निःशस्त्रच असाल. ज्या वाटेसाठी शस्त्र घ्यायचे, त्या वाटेवर ते कधीच तुमच्याजवळ नसणार. दुकानदाराने हे तुम्हाला विचारले नाही याचे मला नवल वाटत नाही. पण रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, या वादापेक्षा हा मुद्दा फार मोठा आहे.

म्हणून त्या वाटेचा बंदोबस्त आधी निराळ्या मार्गाने करावा. त्या माणसाबद्दल तुम्ही सुरक्षा विभागाला कळवले की नाही, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. कळवले नसेल तर आजच लेखी कळवा. तारीख, वेळ, गॅरेजचा मजला आणि त्या माणसाचे वर्णन त्यात द्या, आणि कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्याआधी जपून ठेवण्याची स्पष्ट मागणी करा. एकच व्यक्ती दोनदा पाठीमागे आली असेल तर पोलिसांकडे नोंद करणे हा कांगावा ठरत नाही. पुढे संरक्षणाचा आदेश मागण्याची वेळ आली तर हीच नोंद उपयोगी पडते. आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांवर होणारी हिंसा रोखण्यासाठी रुग्णालयांनी लेखी योजना आखावी, असा कायदा टेक्सासने २०२३ मध्ये केला आहे. तक्रार करणाऱ्याला त्याबद्दल त्रास देण्यासही त्यात मनाई आहे. तेव्हा ‘उगाच कशाला बोभाटा’ हा आपला संकोच येथे बाजूला ठेवायला हवा. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना गाडीपर्यंत सोडायला पहारेकरी पाठवण्याची सोय अनेक मोठ्या रुग्णालयांत असते, पण मागितल्याशिवाय ती मिळत नाही. पाळी सुटताना एकाच गॅरेजमध्ये जाणाऱ्या दोघीतिघींनी मिळून निघावे, दाराजवळची जागा मागून घ्यावी, आणि रुग्णालयाचा नियम आड येत नसेल तर डोळ्यांत मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याचा विचार करावा. या गोष्टी दुकानातल्या काचेच्या कपाटाइतक्या दिलासा देत नाहीत, याची मला कल्पना आहे. परंतु त्या वाटेवर त्याच तुमच्यासोबत असतील.

एवढे करूनही हँडगन जवळ असावी असे तुम्हाला वाटू शकते, आणि त्याला कारणेही आहेत. पहाटे एकटीने पेट्रोल भरायला थांबावे लागते, निर्मनुष्य रस्त्यावर गाडी बंद पडू शकते, आणि तो माणूस एखाद्या दिवशी गाडीचा पाठलाग करील ही शंकाही मनात राहते. त्या इच्छेला मी हसणार नाही. मात्र ती पुरी करताना तुमच्या शेजारच्या अमेरिकन मैत्रिणीला जे धोके नाहीत ते तुम्हाला आहेत, आणि त्यांची चर्चा आपल्या लोकांत फारशी होत नाही.

तुम्ही ग्रीनकार्डधारक असल्याने हँडगन विकत घेण्याचा आणि बाळगण्याचा अधिकार तुम्हाला आहे. एच-वन-बी, एच-फोर, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना तो नाही. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर संघराज्याच्या कायद्यानुसार त्यांनी बंदूक किंवा साधे एक काडतूस जवळ बाळगणेही गुन्हा आहे आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षांची झाली आहे. मित्रमंडळींसोबत गंमत म्हणून रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणारे एच-वन-बीवरचे अनेक तरुण हे सदर वाचत असतील. त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. तुमच्या घरात याचा संबंध सासूबाईंशी येतो. त्या पर्यटक व्हिसावर आहेत, म्हणून शस्त्र ठेवायच्या तिजोरीची किल्ली किंवा आकडा त्यांच्याकडे कधीही असता कामा नये, ‘मुलांच्या हाती लागू नये म्हणून तुमच्याजवळ ठेवा’ अशा चांगल्या हेतूनेसुद्धा नाही.

दुसरा धोका तुमचा स्वतःचा आहे. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या ग्रीनकार्डधारकाला देशाबाहेर काढता येते, मग तो गुन्हा किरकोळ वर्गातला का असेना. अमेरिकन नागरिक ज्या चुकीसाठी दंड भरून घरी जाईल, त्याच चुकीने तुमचा येथला सगळा संसार उखडू शकतो. आणि अशी चूक होणे फार सोपे आहे. २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय हँडगन बाळगू देणारा टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. परंतु शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आत बंदूक आणण्यास मनाई करणारा संघराज्याचा १९९० चा कायदा त्यामुळे रद्द झालेला नाही. त्यातून सूट मिळते ती राज्याचा परवाना असणाऱ्याला. तुम्ही परवाना न काढता पर्समध्ये पिस्तूल ठेवून मुलीला शाळेच्या फाटकाशी सोडले, तर टेक्सासच्या दृष्टीने तुमचे काही चुकलेले नसेल, पण संघराज्याच्या दृष्टीने तो गुन्हा असेल. आणि शाळेच्या इमारतीत तर परवाना असूनही शस्त्र नेता येत नाही. आपल्या मंडळांचे गणपती, दिवाळीचे कार्यक्रम आणि रविवारची मराठी शाळा बहुधा भाड्याने घेतलेल्या शाळांतच भरतात. झब्बा-साडीतली सगळी मंडळी सभागृहात शिरत असताना आपल्या कमरेला किंवा पर्समध्ये काय आहे, याचा विसर पडायला क्षणही पुरतो.

यासाठी माझा आग्रह असा की कायद्याने गरज नसली तरी टेक्सासचा ‘लायसन्स टू कॅरी’ हा परवाना काढावाच. चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, बोटांचे ठसे, आणि तीन, सात व पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्यांची नेमबाजीची चाचणी, एवढेच त्यासाठी लागते. परवान्यामुळे शाळेच्या परिसरातून ये-जा करताना सूट मिळते, इतर अनेक राज्यांत तो मानला जातो (कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये नाही), आणि शस्त्र कोठे चालते व कोठे नाही हे कोणीतरी जाणकार समोर बसवून तुम्हाला शिकवतो. त्या वर्गाला जाताना यजमानांनाही सोबत न्यावे. त्यांचा विरोध भित्रेपणातून आहे असे तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटले, पण मला तो अगदीच निराधार वाटत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातील लक्षावधी लोकांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हँडगन बाळगणाऱ्या स्त्रियांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण ती नसणाऱ्या स्त्रियांच्या पस्तीस पटींहून अधिक आढळले. तुमची झोप उडाली आहे, तुम्ही रात्री जागता, घरात पौगंडावस्थेतला मुलगा आहे. तुमच्या मनात तसले काही आहे असे मी सुचवत नाही, पण घरात शस्त्र आले की ते घरातल्या प्रत्येकाच्या वाईटातल्या वाईट दिवशीही तेथेच असते, हे यजमानांचे म्हणणे असेल तर ते ऐकून घेण्यासारखे आहे. झोपेसाठी डॉक्टरांना भेटण्याचे काम मात्र कोणत्याही खरेदीच्या आधी उरकावे.

आता निवडीचा प्रश्न. दुकानात तुम्हाला जे सांगितले गेले त्यात एक जुना गैरसमज आहे, तो असा की शस्त्र जितके लहान तितके ते चालवायला सोपे. वस्तुस्थिती उलट आहे. गोळी सुटते तेव्हा मागे येणारा धक्का शस्त्राचे वजन पचवते. वजन कमी केले की तो मनगटाला पचवावा लागतो. तुम्हाला दाखवलेल्या वर्गातले स्मिथ अँड वेसनचे ६४२ हे रिव्हॉल्व्हर घ्या. त्याचे वजन चारशे ग्रॅमच्या थोडे वर आहे, नळी दोन इंचांहूनही आखूड, आणि त्याचा चाप प्रत्येक गोळीला पाच किलोच्या आसपास जोर लावून, लांबवर ओढावा लागतो. नळी आखूड असल्याने नेम धरण्यासाठी नळीवर असलेली पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर कमी पडते, त्यामुळे हाताची बारीकशी थरथरही लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. अनुभवी नेमबाजाच्या हाती हे उत्तम शस्त्र आहे, पण रेंजवर पहिल्याच दिवशी नवशिक्याला त्याचा धसका बसतो. धसका बसला की सराव सुटतो, आणि सराव नसलेल्या माणसाकडचे शस्त्र काँक्रीटच्या गॅरेजमध्ये कोणाला लागेल याचा नेम नाही. रिव्हॉल्व्हरच्या बाजूनेही बोलायला हवे : त्याची रचना साधी असते, पिस्तुलासारखी स्लाइड (गोळी नळीत भरण्यासाठी मागे खेचायचा वरचा सरकता भाग) ओढावी लागत नाही, आणि गोळी उडाली नाही तर चाप पुन्हा ओढून पुढची गोळी येते. ज्यांच्या बोटांत संधिवाताने स्लाइड ओढण्याची ताकद उरलेली नाही, अशा वाचकांनी थोड्या जड, पोलादी बांध्याच्या रिव्हॉल्व्हरचा जरूर विचार करावा.

तुमच्यासाठी मात्र माझा कल नऊ मिलिमीटरच्या सडपातळ, पण अगदीच चिमुकल्या नसलेल्या पिस्तुलाकडे आहे. या मापाचे काडतूस सर्वत्र मिळते, सरावासाठी सर्वांत परवडते, आणि त्याच्या, लागल्यावर फुलणाऱ्या टोकाच्या आधुनिक गोळ्या इतक्या सुधारल्या आहेत की चाळीस कॅलिबरच्या जाड गोळीकडे वळलेली एफबीआय गेल्या दशकात पुन्हा नऊ मिलिमीटरकडे आली. २०१८ मध्ये आलेल्या सिग सॉअर कंपनीच्या पी-३६५ ने या वर्गाचे गणित बदलले. सुमारे पाचशे ग्रॅमच्या पिस्तुलात दहा गोळ्यांचे मॅगझिन (मुठीत सरकवायची गोळ्यांची पेटी) तिने बसवले, आणि पाठोपाठ इतरांनीही तसेच केले. ग्लॉक ४३-एक्सची मूठ थोडी लांब आहे, त्यामुळे करंगळीलाही पकड मिळते. स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी ही मालिका तर स्लाइड सहज ओढता यावी म्हणूनच बनवली आहे, आणि तिच्या मुठीत एक जादा सुरक्षा-कळ आहे जी नीट पकडल्याशिवाय सुटत नाही. ग्लॉक १९ यांच्याहून रुंद आणि जड आहे. लपवायला कठीण, पण चालवायला सगळ्यांत निवांत.

यांतले कोणते, हे मी पत्रातून सांगू शकत नाही, कारण त्याचे उत्तर तुमच्या हातात आहे, अगदी शब्दशः. भाड्याने शस्त्रे देणाऱ्या रेंजवर जा, शिक्षकाची एक तासिका घ्या, आणि हीच तीन-चार पिस्तुले तुमच्या त्या रिव्हॉल्व्हरसह ओळीने चालवून बघा. मूठ सरळ धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर ताण न देता चापावर पोहोचते का, स्लाइड दहाव्या वेळीही पूर्ण मागे जाते का, पन्नास गोळ्यांनंतर ‘आणखी एक मॅगझिन’ असे वाटते की ‘पुरे’, एवढे पाहा. किती जवळ गोळ्या लागल्या यापेक्षा शेवटचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला स्वतःहून पुन्हा चालवावेसे वाटेल तेच तुमचे शस्त्र; विक्रेत्याने ‘बायकांसाठी’ म्हणून रंगीत मुठीचे काही पुढे केले तर त्याला नमस्कार करावा. आणि यांतले एकही नकोसे वाटले, तर तेही पूर्ण उत्तर आहे. रेंजचे भाडे फुकट गेले असे मानू नये.

निवडीइतकेच महत्त्व ते कोठे बाळगायचे याला आहे, आणि येथे मी दुकानदाराशी सर्वांत जास्त असहमत आहे. पर्स नको. पर्स खुर्चीला अडकवली जाते, ट्रॉलीत ठेवली जाते, हिसकावली जाते, आणि तुमची सहा वर्षांची मुलगी तिच्यात टिकल्या आणि च्युइंगगम शोधते. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यात हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये एका दोन वर्षांच्या मुलाने ट्रॉलीत बसल्याबसल्या आईच्या पर्समधून पिस्तूल काढले आणि ते उडून ती जागीच गेली. ती बंदुकीला सरावलेली होती आणि ती पर्सही शस्त्रासाठी खास कप्पा असलेली होती. शस्त्र बाळगायचे तर अंगावरच, आणि चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. तुमची अडचण अशी की स्क्रब्जची, म्हणजे रुग्णालयातल्या सैल गणवेशाची, नाडी कोणतेही होल्स्टर पेलत नाही, आणि कुर्ता-लेगिंग्जलाही पट्टा नसतो. पोटाला घट्ट बांधायचा रुंद पट्टा मिळतो, पण त्यात चापावर कडक कवच असेल तरच तो घ्यावा. साडीत काय करावे, असे विचाराल तर माझे उत्तर : साडीच्या दिवशी पिस्तूल घरी तिजोरीत. त्यातून, तुम्ही बहुतेक दिवस स्क्रब्जमध्ये असता आणि रुग्णालयात ते नेता येत नाही, म्हणजे रोज बाळगण्याचे तुमचे खरे तास किती उरतात, हे एका कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे.

उरलेले तास ते गाडीत असेल. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा फार मोठा वाटा गाड्यांमधून जातो, आणि डॅशबोर्डचा कप्पा चोर पहिल्यांदा उघडतो. आसनाच्या सांगाड्याला पोलादी तारेने बांधलेली छोटी तिजोरी घ्यावी. पिस्तूल तिच्यात ठेवायचे ते गॅरेजमध्ये पोहोचण्याच्या आधी. तेथे, कोणी पाहत असताना नव्हे. घरी बोटाच्या ठशाने किंवा आकड्याने उघडणारी तिजोरी भिंतीला वा पलंगाला पक्की ठोकलेली हवी. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल अशा रीतीने ते ठेवणे टेक्सासमध्ये गुन्हा आहे. तेरा वर्षांच्या मुलापासून ते लपवण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण त्याला कपाटाच्या मागचा कप्पा तुमच्याआधी सापडेल. शस्त्र आणलेच तर ते आहे, ते कोणाचे आहे आणि ते त्याने का हाताळायचे नाही, हे दोघांनी मिळून त्याला सांगावे. तिजोरी, होल्स्टर, काडतुसे आणि शिक्षकाची फी धरली तर खर्च पिस्तुलाच्या किमतीच्या जवळपास दुप्पट होतो, म्हणून आधी पिस्तूल आणि बाकीचे नंतर, असा हिशेब ठेवू नये.

आणखी एक बारीक गोष्ट, जी भारतात ये-जा करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला कधीही वापरू नका. अमेरिकेतील विमानतळांवर २०२३ मध्ये प्रवाशांच्या हातातील सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक भरलेल्या होत्या. बहुतेकांचे म्हणणे एकच, की बॅगेत ती आहे हे विसरलो. भारतात तर बॅगेच्या अस्तरात राहिलेले एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडले तरी शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो. ते जाणीवपूर्वक बाळगलेले नव्हते, हे पटून न्यायालये असे खटले अनेकदा रद्द करतात, पण तोवर सुट्टी, पासपोर्ट आणि परतीचे तिकीट यांचा बट्ट्याबोळ झालेला असतो. काडतुसांसाठी एक वेगळी, भडक रंगाची पिशवी ठेवावी आणि ती तुमच्या घराच्या गॅरेजमधून आत घरात येऊ देऊ नये.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात सुरक्षा विभाग, पोलीस आणि डॉक्टर. त्यानंतर यजमानांसह परवान्याचा वर्ग आणि भाड्याच्या शस्त्रांवर सराव. बहुतेक शिक्षक चाचणीपुरते स्वतःचे पिस्तूल देतात, त्यामुळे त्यासाठी विकत घेण्याची घाई नाही. सासूबाई परत जाईपर्यंत खरेदी थांबवली तर घरातला एक गुंता आपोआप सुटेल. तोवर गॅरेजमधल्या त्या माणसाचे काय झाले हेही कळलेले असेल, आणि ते कळल्यावर हा प्रश्न तुम्हाला आज वाटतो तितकाच तातडीचा वाटतो का, ते मला जरूर कळवा. तरीही वाटला, तर ग्लॉक ४३-एक्स आणि शील्ड ईझी यांच्यापासून सुरुवात करा. ग्रीनकार्डाच्या बाबतीत शंका असेल तर पिस्तुलाच्या दुकानदाराला न विचारता इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.